नागपूरच्या मुरमासाठी रुंद टायर : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी पोळा झाल्यानंतरच्या आठवड्यात मी माझ्या माउंटन बाइकचे दोन्ही टायर बदलले. पुढे मॅक्सिस कंपनीचा आर्डेंट, २७.५ बाय २.४ इंच, आणि मागे त्याच कंपनीचा आयकॉन, २७.५ बाय २.२ इंच. सायकल भारतीय बनावटीची, ॲल्युमिनियमच्या फ्रेमची, फक्त पुढे शॉकअप असलेली, चारचौघींसारखी आहे; तिच्यावर कारखान्यातून आलेले टायर २.१ इंचाचे होते. या नव्या जोडीवर आजवर सोळाशे किलोमीटरच्या आसपास अंतर झाले असून त्यात सेमिनरी हिल्सच्या बाजूच्या चढउताराच्या वाटा, अंबाझरीमागचा मुरूम, हिंगण्यापलीकडे झिल्पी तलावाच्या दिशेने जाणाऱ्या पांदणी (शेतांमधल्या गाडीवाटा), रामटेकच्या दोन फेऱ्या आणि या सगळ्यांना जोडणारे शहरातले सिमेंटचे रस्ते आले. माझे वजन ७८ किलो आहे, वेग बेताचा आहे आणि उड्या मारण्याचे वय उलटून गेले आहे, हे वाचकांनी पुढचे आकडे पाहताना ध्यानात ठेवावे.

टायर बदलण्याचे निमित्त एका पडण्याने दिले. अंबाझरीच्या मागच्या अंगाला मुरमाचा एक उतार आहे. तो संपतो तिथे वाट डावीकडे वळते आणि त्या वळणावर हरभऱ्याएवढे खडे बारा महिने पसरलेले असतात. जून महिन्यात, पहिला पाऊस पडायच्या आधी, तिथे पुढचे चाक बाहेरच्या बाजूला सरकले आणि मी कोपर व गुडघा सोलून घेतला. घरी येऊन टायर पाहिला तर नक्षीचे ठोकळे शाबूत होते, झीज नावालाही नव्हती. मग हवा मोजली, तेव्हा काटा ४८ पीएसआयवर (हवेचा दाब, पौंड प्रति चौरस इंच) जाऊन थांबला. आमच्याकडे हवा भरून घ्यायची म्हणजे अंगठ्याने टायर दाबून "टाईट आहे ना भाऊ?" असे विचारायचे आणि "एकदम टाईट" हे उत्तर ऐकून समाधानाने निघायचे, अशी रीत आहे. त्या रीतीने भरलेला २.१ इंचाचा टायर सुट्या खड्यांवर, गोट्यांवर ठेवलेल्या लाटण्यासारखा वागतो. तेव्हा पहिली सूचना बिनपैशाची आहे : नवा टायर घेण्याआधी काटा असलेला पंप कोणाकडून तरी मागून आणावा, जुन्याच टायरमधली हवा ३०च्या आसपास उतरवावी आणि आठवडाभर फिरून पाहावे. मी तसे केले आणि खरे सांगायचे तर निम्मी अडचण तिथेच मिटली.

निम्मीच मिटली, कारण ३०च्या खाली उतरलो की दुसरे संकट उभे राहत होते. कमी उंचीच्या टायरमध्ये हवा कमी ठेवली आणि चाक दगडावर आदळले, की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चेपली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन बारीक चिरा पडतात. महिन्याभरात अशा तीन ट्यूबा मी फेकल्या, आणि रुंद टायरचा खरा उपयोग तेव्हा माझ्या ध्यानात आला. टायरचा जमिनीला टेकलेला भाग किती मोठा असेल, हे ढोबळमानाने वरचे वजन आणि आतला दाब यांवर ठरते. दाब तोच ठेवून नुसता रुंद टायर चढवला, तर टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. तो लांबट असतो, तो आखूड आणि रुंद होतो, एवढेच. पकड वाढते ती दाब उतरवल्यावर, आणि रुंद टायर तो दाब उतरवू देतो, कारण त्याच्या पोटात हवा जास्त मावते आणि रिम दगडापासून उंच राहते. शिवाय टायरच्या कापडावर येणारा ताण दाबाच्या आणि टायरच्या रुंदीच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे २.१ इंचाच्या टायरला २८ पीएसआयवर जेवढा कडकपणा येतो तेवढाच २.४ इंचाच्या टायरला साडेचोवीसवर येतो. आमच्या रविवारच्या मंडळींत रुंद टायर घेऊन त्यात जुन्याच आकड्याची हवा भरणारे दोघे-तिघे आहेत, आणि "एवढा खर्च करूनही काही फरक नाही" ही त्यांची तक्रार मी नेमाने ऐकतो.

टायर निवडण्यापूर्वी आपण कोणत्या जमिनीवर फिरतो, याचा नीट विचार करावा लागतो, आणि नागपुरात तो विचार इतर गावांपेक्षा जरा वेगळा आहे. हे शहर दोन खडकांच्या शिवेवर वसले आहे. पश्चिमेला, म्हणजे सेमिनरी हिल्स, अंबाझरी, हिंगणा, काटोल रस्ता या अंगाला दख्खनचा काळा बसॉल्ट आहे, तर पूर्वेला त्याहून कितीतरी जुना ग्नाइस. पश्चिमेकडे फिरणाऱ्याला टेकडीवर मुरूम आणि सखल भागात काळी माती भेटते; रामटेक-मनसरकडे, जिथे मँगनीजच्या खाणी आहेत, तिथे जमीन तांबूस आणि रेताड होत जाते. मुरूम म्हणजे झिजून भुगा होऊ घातलेला खडक. त्याचा तळ कडक आणि वर सुट्या खड्यांचा पातळ थर असतो. अशा जमिनीवर ठोकळ्यांना रुतायला जागाच नसते. चिखलासाठी बनवलेला, उंच आणि विरळ ठोकळ्यांचा टायर इथे आणला, तर ठोकळे रुतण्याऐवजी वाकतात, वळणावर चाक डळमळते आणि सिमेंटच्या रस्त्यावर तेच ठोकळे खोडरबरासारखे झिजतात. इथे हवी ती मध्यम उंचीची, जराशी दाट नक्षी, मऊसर रबर आणि दोन्ही कडांना भक्कम ठोकळ्यांची एकेक रांग. काळ्या मातीसाठी मात्र टायर शोधण्यात अर्थ नाही. ती कोरडी असली की कोणत्याही टायरवर चालते आणि ओली झाली की कोणत्याही टायरवर चालत नाही. मी खरेदी मुरूम डोळ्यांसमोर ठेवून केली आणि पावसाळ्याचे तीन-साडेतीन महिने हिशेबातून वगळले. ज्यांना आषाढातही पांदणीतूनच जायचे असेल त्यांना हे परीक्षण निरुपयोगी वाटेल.

टायरच्या अंगावर मापे दोन तऱ्हांनी लिहिलेली असतात. इंचातले माप बोलायला सोपे असले तरी ढिले असते. भरवशाचे माप ५४-५८४ अशा जोडीत असते. त्यातला पहिला आकडा रुंदी आणि दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ५५९ म्हणजे जुने २६ इंची चाक, ५८४ म्हणजे साडेसत्तावीस आणि ६२२ म्हणजे २९ इंची. दुसरा आकडा जुळला नाही, तर बाकी सगळे जुळूनही टायर रिमवर चढणार नाही. रुंदीचा आकडा मात्र रिमवर अवलंबून असतो. माझ्या रिमची आतली रुंदी २१ मिलिमीटर आहे. २.४ इंच म्हणजे ६१ मिलिमीटर व्हायला हवेत, पण टायर बसवून, हवा भरून, दोन दिवस ताणू देऊन मग व्हर्नियर लावला तेव्हा माप भरले ५७, म्हणजे सव्वादोन इंच. यात टायरची फसवणूक नाही. तोच टायर आतून ३० मिलिमीटर रुंद असलेल्या रिमवर छापील मापाच्या जवळ जाईल. अरुंद रिमवर फार रुंद टायर चढवला तर त्याचा आकार विजेच्या गोळ्यासारखा होतो, खाली फुगीर आणि वर निमुळता, आणि हवा कमी केली की वळणावर तो रिमवर आडवा डोलू लागतो. म्हणून आपल्याकडच्या साध्या माउंटन बाइकच्या रिमवर मी २.४ ही वरची हद्द मानतो. २.६चा मोह मलाही झाला होता, तो व्हर्नियरने घालवला.

मागे २.२च का, याचे एक कारण निव्वळ जागेचे आहे. पुढच्या शॉकअपमध्ये ऐसपैस जागा असते. मागे चाकाच्या दोन्ही बाजूंनी पेडलकडे जाणाऱ्या नळ्या टायरला फार जवळ येतात. माझी कसोटी साधी आहे : ६ मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी चावी) टायर आणि नळी यांच्या मधून, दोन्ही बाजूंनी, चाक पूर्ण एक फेरा फिरेपर्यंत न घासता गेली पाहिजे. माझ्या सायकलीत जुन्या २.१च्या टायरवर ती सैल जाई, २.२ घातल्यावर जेमतेम गेली. रिम किंचित वाकडी झाली किंवा चिखल चिकटला, तर हीच मोकळीक उपयोगी पडते, अन्यथा टायर ॲल्युमिनियम खायला लागतो.

आता रबराविषयी, कारण बहुतेकांची खरेदी इथेच चुकते. माझीही चुकली होती. पडल्यानंतर लगेच मी ऑनलाइन एक स्वस्त जोडी मागवली होती, अंगावर २.३५ छापलेली, ठोकळे असे की पाहूनच धीर यावा. तिचे नाव इथे सांगत नाही. पहिल्या उन्हात ते टायर सायकलीवर चढवले आणि सिमेंटच्या रस्त्यावर धूळ असलेल्या वळणावरही ते सरकले. ती जोडी घेऊन मी सीताबर्डीतल्या एका जुन्या दुकानात गेलो, तेव्हा तिथल्या मिस्त्री काकांनी टायर हातात घेतला, ठोकळ्यावर अंगठ्याचे नख टेकवून जोर दिला आणि म्हणाले, "भाऊ, बटन मोठे दिसून राह्यले म्हणून पकड राहीन असं नाही. नख रुतते का पाहा तुम्ही." रुतत नव्हते. त्यांनी शेजारच्या खुंटीवरचा दुसरा टायर काढून दिला. त्याच्या कडेच्या ठोकळ्यावर नखाची खूण स्पष्ट उठली आणि आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू बुजली. ही परीक्षा प्रयोगशाळेची नव्हे, पण दोन टायर शेजारी ठेवून केली तर फसवत नाही.

कंपन्या रबराचा कडकपणा शोअर-ए या मापात मोजतात. ६०च्या पुढचे रबर कडक आणि टिकाऊ, ५०च्या आसपासचे मऊ, आणि ४२च्या आसपासचे इतके मऊ की ते डोंगर उतरण्याच्या स्पर्धांसाठीच शोभते. कडक रबर खड्यावरून निसटते, मऊ रबर खड्याभोवती क्षणभर मुरडून मग सुटते, आणि पकड म्हणजे हेच मुरडणे. इथे आणखी एक मेख आहे. एकाच नावाचा टायर अनेक रूपांत मिळतो. मॅक्सिसच्या टायरवर नुसते 'ड्युअल' असेल तर दोन प्रकारची रबरे, 'थ्री-सी' असेल तर तीन. त्या तिनांच्या मेळातही मॅक्सस्पीड हा वेगाकडे झुकलेला, मॅक्सटेरा मधला आणि मॅक्सग्रिप सर्वांत मऊ. 'ईएक्सओ' म्हणजे टायरच्या बाजूंना कापण्यापासून दिलेले संरक्षण आणि 'टीआर' म्हणजे ट्यूबशिवाय चालवता येण्याजोगा. श्वाल्बे ही जर्मन कंपनी आपल्या ॲडिक्स रबराच्या जाती नक्षीवरच्या रंगीत रेघांनी दाखवते : तांबडी वेगासाठी, निळी वेग आणि पकड यांच्या मधली, नारिंगी मऊ, जांभळी अतिमऊ. तेव्हा कोणी टायरचे नुसते नाव सांगून शिफारस केली, तर त्याच्या टायरच्या बाजूवरचा सगळा मजकूर वाचून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माझा पुढचा टायर ड्युअल, ६० टीपीआय, ईएक्सओ, टीआर असा आहे. टीपीआय म्हणजे कापडाच्या एका इंचात किती धागे. १२०चे कापड पातळ आणि लवचिक, ६०चे जाड आणि सोशीक असते. मुरमात दगडांची धार असते, त्यामुळे मला ६० पुरतात.

पुढच्या टायरला ३,४०० रुपये आणि मागच्याला २,९०० रुपये पडले. एरवी साध्या देशी टायरची जोडी दीड हजाराच्या आत येते, हे लक्षात घेता ही रक्कम लहान नाही, आणि घरी ती सांगताना मी फक्त एकाच टायरची किंमत सांगितली होती. बसवताना दुकानातल्या मुलाने पुढचा टायर बाणाच्या उलट दिशेने चढवला, तो मला घरी आल्यावर दिसला आणि रविवारची सकाळ तो उतरवून पुन्हा चढवण्यात गेली. जुन्या ट्यूबाही तशाच आत घातल्या गेल्या होत्या. त्यांवर १.९५ ते २.१२५ असे माप छापलेले होते. त्या रुंद टायरमध्ये फुगतात खऱ्या, पण फुग्यासारख्या पातळ होऊन, आणि मग बारीकसा काटाही त्यांना पुरतो. २.४पर्यंत चालणाऱ्या ट्यूबा वेगळ्या घ्याव्या लागल्या.

आता पुढच्या टायरची पकड. ज्या वळणावर पडलो होतो तिथेच तिसऱ्या दिवशी गेलो, पुढे २४ आणि मागे २८ पीएसआय ठेवून. जुन्या टायरवर त्या खड्यांतून जाताना हँडलमध्ये बारीक, वेगवान थरथर यायची, जणू चाक खड्यावरून खड्यावर उड्या मारत होते. आणि थरथर थांबली की समजायचे, आता चाक हवेत आहे किंवा घसरते आहे. नव्या टायरवर थरथरीच्या जागी एक जाडसर चरचर ऐकू आली. खडे टायरखाली चेपले जात होते, काही रबराला चिकटून वर येत आणि फ्रेमवर टणकन आपटत होते. वळणाच्या मध्यावर मी सायकल झुकवली, तेव्हा क्षणभर काहीच लागले नाही आणि मग कडेच्या ठोकळ्यांची रांग जमिनीला लागून चाक जणू एका रुळात बसले. हा मधला क्षण नवख्याला घाबरवू शकतो. मधल्या नक्षीत आणि कडेच्या रांगेत मोकळी पट्टी सोडलेल्या कोणत्याही टायरचा हा स्वभाव आहे, आणि त्यावर उपाय टायर बदलण्याचा नसून झुकण्याचा आहे : शरीर सरळ ठेवावे, सायकल झुकवावी आणि अर्धवट झुकण्याच्या अवस्थेत रेंगाळू नये. मला ही सवय लागायला महिना गेला.

कडेच्या ठोकळ्यांचे मोल त्याहूनही जास्त कळले ते दिवाळीच्या सुमारास. पावसाळ्यात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांनी पांदणीत पाडलेल्या चाकोऱ्या तोवर वाळून विटेसारख्या टणक झालेल्या असतात, वीतभर खोल, आणि सायकल एकदा त्यांत उतरली की बाहेर यायला तयार नसते. अरुंद टायर चाकोरीच्या कडेला घासत पुढे जातो आणि हँडल वळवले की चाक मागे राहून माणूस पुढे जातो. रुंद टायरची कडेची रांग त्या वाळलेल्या कडेवर नखासारखी अडकते. हिंगण्याकडच्या एका पांदणीत मी मुद्दाम पाच वेळा आत-बाहेर करून पाहिले. चार वेळा निघालो, पाचव्या वेळी वेग कमी पडला आणि पाय टेकावा लागला. जुन्या टायरवर हा हिशेब उलटा होता. फाल्गुनात सागाची पाने गळून वाटेवर कुरकुरीत थर साचतो, त्यावर मात्र हाही टायर सरकतो, कारण सरकतात ती पाने, आणि पाने टायरबरोबरच सरकतात.

मागचा आयकॉन दिसायला सामान्य आहे : ठोकळे बुटके, दाट, जवळजवळ गुळगुळीत भासणारे. रविवारच्या मंडळींनी त्याला पाहून नाक मुरडले होते. पण मागच्या चाकाचे काम वेगळे आहे. त्याच्यावर वजन अधिक पडते, पेडलचा जोर तोच जमिनीत उतरवतो, आणि तो घसरला तरी माणूस बहुधा सावरतो. शहरातून टेकडीपर्यंत पंधरा-वीस किलोमीटर सिमेंटच्या रस्त्यावरून जावे लागत असेल, तर मागे हलका फिरणारा टायर असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही चाकांना ठोकळेदार टायर लावून हिंगणा रोडवरून जाणारा सायकलस्वार दुरूनच मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणत येतो आणि झिल्पीला पोहोचेपर्यंत निम्मा दमलेला असतो. या जोडीवर माझा सिमेंटवरचा सरासरी वेग ताशी २१ किलोमीटरवरून १९वर आला. तो बहुतेक पुढच्या टायरमुळे, आणि तेवढी किंमत मी मोजायला तयार आहे. सेमिनरी हिल्सच्या बाजूच्या एका उभ्या चढावर उभे राहून पेडल मारले की मागचे चाक जागच्या जागी फिरते. बसून, वजन मागे ठेवून, हलक्या गिअरमध्ये गेले की चढते. बुटक्या नक्षीकडून याहून अधिक मागणे न्यायाचे होणार नाही.

चिखलाचा प्रयोग मी करायचा नाही असे ठरवूनही एकदा झाला. यंदा जुलैमध्ये दोन दिवस झड लागून उघडली होती आणि फेटरीच्या पुढे एका पांदणीत, वरून वाळल्यासारख्या दिसणाऱ्या काळ्या मातीत, मी शिरलो. शंभर मीटरच्या आत पुढच्या टायरवर मातीचा दुसरा टायर चढला, त्यावर गवत, त्यावर पुन्हा माती, आणि शॉकअपच्या कमानीत गोळा अडकून चाक थांबले. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि डिंकासारखी होते. ठोकळ्यांमधली फट भरून गेल्यावर कोणत्या नक्षीचा टायर आहे याला काही अर्थ उरत नाही, आणि रुंद टायर उलट जास्त माती उचलतो. काडीने कोरून काढत होतो, तेव्हा धुऱ्यावर बसलेले एक काका बराच वेळ पाहून शेवटी म्हणाले, "भाऊ, हे माती बैलाले नाही सोडत, तुमच्या सायकलीले काय सोडन?" उरलेले अर्धे किलोमीटर सायकल खांद्यावर होती. चिखलासकट तिचे वजन किती झाले असेल, ते मोजायची इच्छा झाली नाही.

काट्यांच्या बाबतीत रुंद टायरकडून काही आशा ठेवू नये. ईएक्सओ हे बाजूंचे संरक्षण आहे, तळाचे नाही, आणि आपल्याकडची बाभूळ बोटभर लांबीचा काटा सरळ तळातूनच घालते. गोखरूचे काटे वेगळेच. माझी रिम ट्यूबशिवाय चालवण्याजोगी नसल्याने मी ट्यूबमध्येच सीलंट, म्हणजे भोके आतून बुजवणारा द्रव, भरले. मोटारसायकलसारखा वॉल्व्ह असेल तर त्याचे कोअर (आतला सुटा होणारा भाग) काढून हे घरी करता येते. नोव्हेंबरात एका बाभूळबनातून बाहेर आल्यावर मागचे चाक उलटे करून पाहिले, तर नऊ काटे मोजले. पकडीने एकेक उपसला तसा प्रत्येक भोकातून दुधासारखा पांढरा थेंब बाहेर आला, फसफसला आणि सुकला. हवा गेली ती तीनेक पीएसआय. मात्र सीलंट भरलेल्या ट्यूबवर नंतर पंक्चरचे ठिगळ नीट चिकटत नाही, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ते दीड-दोन महिन्यांत सुकून आत रबरी पापुद्रा होऊन बसते, त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला आणि मेच्या अखेरीस ते पुन्हा भरावे लागते. ट्यूबलेसला योग्य रिम ज्यांच्याकडे आहे त्यांनी ट्यूबच काढून टाकावी. चेपून चिरा पडण्याचा प्रश्नही त्याने सुटतो.

उन्हाचा आणखी एक हिशेब आहे. पहाटे २८ अंशांत भरलेले २४ पीएसआय दुपारी ४५ अंशांत २६च्या वर जातात. उलट ऑक्टोबरच्या दुपारी ३० अंशांत भरलेले २४ जानेवारीच्या पहाटे १० अंशांत साडेएकवीसच्या खाली उतरतात. २.१ इंचाच्या टायरला हा फरक फारसा जाणवत नव्हता. कमी दाबावर चालणाऱ्या रुंद टायरला तो चांगलाच जाणवतो, म्हणून पंप आता दाराशीच असतो आणि काटा पाहिल्याशिवाय मी निघत नाही.

झिजेचे म्हणाल तर पुढच्या टायरच्या कडेच्या ठोकळ्यांवर कारखान्यातले रबरी केस अजून काही ठिकाणी शिल्लक आहेत, मधले ठोकळे पाव भाग झिजले आहेत आणि बाजूला कुठे चीर नाही. मागचा मात्र मधोमध निम्म्यावर आला आहे, आणि त्याला मुरमापेक्षा सिमेंटने जास्त खाल्ले आहे. पुढचा झिजलेला टायर मागे आणि नवा पुढे, अशी अदलाबदल काही जण करतात. माझ्याकडे पुढचा मागच्या फ्रेममध्ये मावतच नाही, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. येत्या दिवाळीत मागे पुन्हा हाच टायर, याच मापाचा आणि शक्य तर थ्री-सी मॅक्सस्पीड रबराचा घ्यायचा आहे. सीताबर्डीतल्या मिस्त्री काकांना सांगून ठेवले आहे. आला की फोन करतो म्हणाले.